पाकिटावरचा आकडा आणि आपला कान

(कामगार बायकांच्या आरोग्यावरील शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज मी कानाबद्दल बोलणार आहे. आरोग्याच्या शिबिरात आपण कंबरदुखीवर बोलतो, अंगावरून जाण्यावर बोलतो, रक्त कमी असण्यावर, कापसाच्या धुळीने लागणाऱ्या दम्यावर बोलतो. ते बोलायलाच हवं. कान मात्र राहून जातो. कारण आवाजाने कान जातो तेव्हा तो दुखत नाही, त्यातून रक्त येत नाही, त्यासाठी खाडा होत नाही. पाच-दहा वर्षांत तो हळूहळू जातो, आणि गेला की बाई ते लपवते. घरात "हिचं लक्षच नसतं" म्हणतात, बाजारात लोक हसतात, मुलं दोनदा सांगायला कंटाळतात. कामावर झालेली इजा घरात तिच्या स्वभावाचा दोष ठरते.

मी श्रवणतज्ज्ञ आहे. ऐकू किती येतं हे तपासणं हे माझं काम. गेली काही वर्षं कारखान्यांतल्या सुरक्षा अधिकाऱ्यांना, म्हणजे आपण ज्यांना 'सेफ्टीवाले' म्हणतो त्यांना, एक गोष्ट शिकवण्याच्या कामात मी आहे. कामगाराला दिलेलं इअरप्लग त्याच्या कानात खरंच बसतं का, आणि किती आवाज अडवतं, हे कसं मोजायचं? याला 'फिट टेस्ट' म्हणतात. आता हा तांत्रिक विषय बायकांच्या संघटनांपुढे कशाला, असं तुमच्यातल्या काहींना वाटेल. पण हा प्रश्न फक्त यंत्राचा नाही. कोणाचा कान मोजला जातो, कोणाच्या हाताने, आणि कोणाचा मोजलाच जात नाही, हा तो प्रश्न आहे.

आवाज नेमकं काय करतो

कानाच्या आत, शंखासारख्या भागात, अगदी बारीक केसांच्या पेशी असतात. मोठा आवाज रोज तासन् तास आदळला की त्या मरतात, आणि एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. यावर औषध नाही. सुरुवातीला पाळी सुटल्यावर कानात दडे बसतात, गुंई आवाज येतो, सकाळपर्यंत बरं वाटतं. ते 'बरं वाटणं' फसवं असतं.

पहिल्यांदा जातात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. म्हणजे भाषेतले स, श, फ, थ यांच्यासारखे वर्ण. बाईला आवाज येतो, पण शब्द कळत नाही. 'सात' म्हटलं की 'हात' ऐकल्यासारखं होतं. म्हणून घरचे म्हणतात, "मोठ्याने हाक मारली की बरोबर ऐकू येतं, एरवी ऐकत नाही." ते खोटं बोलत नसतात, आणि तीही सोंग करत नसते.

हे काही आज कळलेलं नाही. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर पुस्तक लिहिलं. त्यात व्हेनिसच्या तांबटांचे कान ठोक्यांनी जातात हे नोंदवलं आहे. आपल्या पुण्यातल्या तांबट आळीत जी गेली असेल तिला हे समजावून सांगावं लागणार नाही. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागांवर मोठ्या संख्येने बायका होत्या. मागांच्या खडखडाटात त्या ओठ ठळक हलवून, हातवारे करून बोलायच्या. त्या बोलण्याला तिथे 'मी-मॉइंग' असं नाव पडलं होतं. लोकांना त्याची गंमत वाटायची. त्या गमतीमागे किती कान गेले होते याची मोजदाद फार उशिरा झाली. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात तागाच्या गिरण्यांतल्या विणकर बायकांचे कान तपासून १९६५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जितकी वर्षं मागावर, तितकं ऐकणं कमी, हे त्यात दिसलं. म्हणजे आवाजाने कान कसा जातो हे शास्त्र बायकांच्या कानांवरून शिकलं. उपाय काढताना मात्र त्याच बायकांचे कान विसरले गेले. ते कसं, हे आता सांगते.

पाकिटावरचा आकडा

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. त्यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. आकडा ३ ने वाढला की आवाजाची ताकद दुप्पट होते. म्हणजे ९० आणि ९३ यांत फरक थोडा नाही, दुपटीचा आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याखालच्या नमुना नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा होती. अमेरिकेच्या 'नायोश' या सरकारी संशोधन संस्थेने १९९८ च्या शिफारशीत ती ८५ धरली. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज याच्या बराच वर, कित्येकदा १०० च्या आसपास असतो. मीटर नसेल तर सोपी खूण सांगते. हातभर अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज ८५ किंवा त्याहून जास्त आहे असं समजा.

मालकाने इअरप्लग दिले, पाकिटावर समजा '२९' लिहिलंय. सेफ्टीवाला वजाबाकी करतो. शंभरातून २९ गेले, राहिले ७१, काम झालं. रजिस्टरवर सही घेतली जाते.

हा २९ कुठून आला? अमेरिकन पाकिटावरचा हा आकडा १९७४ च्या प्रमाण पद्धतीने काढलेला असतो. प्रयोगशाळेच्या शांत खोलीत, तपासणाऱ्या तज्ज्ञाने स्वतःच्या हाताने नीट बसवलेल्या प्लगचा तो आकडा. तो तज्ज्ञाच्या हाताचा आकडा आहे. सूत लागलेल्या, घामेजलेल्या बोटांनी, मुकादम ओरडतोय म्हणून घाईने प्लग कोंबणाऱ्या बाईचा तो नाही. हे तिकडच्यांनाही माहीत आहे. म्हणून नायोशने सांगितलं होतं की स्पंजच्या प्लगचा पाकिटावरचा आकडा निम्माच धरा, आणि दुसऱ्या प्रकारच्या प्लगांचा त्याहूनही कमी. पण निम्मा धरणं हाही अंदाजच. एका बाईला पूर्ण २९ मिळतात, तिच्या शेजारणीला ५ सुद्धा मिळत नाहीत. सरासरी काढली की दोघी सुरक्षित दिसतात, आणि शेजारणीचा कान जातो.

म्हणून एकेका माणसाचा, एकेका कानाचा आकडा मोजायचा. नायोशने २०२५ मध्ये अशी वैयक्तिक फिट टेस्ट करावी अशी स्पष्ट शिफारस केली. तीही शिफारसच, सक्ती नाही. नाकातोंडावरच्या मास्कसाठी अशी चाचणी अमेरिकेत कित्येक वर्षं कायद्याने सक्तीची आहे. कानाला तो मान मिळालेला नाही.

चाचणी कशी होते

एक पद्धत अशी. शांत खोलीत बाईला मोठे हेडफोन लावतात. बारीक आवाज येतो, ऐकू आला की तिने बटण दाबायचं. हे एकदा प्लग न घालता, एकदा घालून. दोन्हींतला जो फरक, तो तिच्या प्लगने अडवलेला आवाज. दुसऱ्या पद्धतीत चाचणीसाठी बनवलेल्या प्लगमधून एक बारीक नळी जाते. आतला आणि बाहेरचा आवाज दोन छोट्या माइकने मोजतात, आणि काही सेकंदांत आकडा येतो. यासाठी वाचता-लिहिता येण्याची गरज नाही, इंग्रजीची तर नाहीच.

सुरक्षा अधिकाऱ्यांच्या वर्गात मी सुरुवात त्यांच्याच कानांपासून करते. प्रत्येकाने प्लग घालायचा आणि आपला आकडा पाहायचा. वीस वर्षं कामगारांना "प्लग घाला, प्लग घाला" सांगणारी ही माणसं असतात. पडद्यावर आकडा आला की वर्ग शांत होतो. कोणाचा एक कान उत्तम आणि दुसरा जवळजवळ उघडा. कोणाचे दोन्ही. कान दोन असतात आणि एकाच माणसाचे दोन्ही सारखे नसतात, हे तिथे कळतं. मग शिकवणं सोपं जातं.

स्पंजचा प्लग घालायची रीत तुम्हीही शिकून घ्या. हात धुवायचे. प्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, त्याला सुरकुती राहू द्यायची नाही. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे वाकडी वाट सरळ होते. मग प्लग आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत, वीस-तीस सेकंद, बोटाने धरून ठेवायचा. बहुतेक जणी शेवटचं करतच नाहीत. लगेच सोडलं की तो बाहेर सरकतो.

अधिकाऱ्यांना मी सगळ्यात जास्त वेळा सांगते ती गोष्ट वेगळीच आहे. कामगाराच्या कानात प्लग तुम्ही घालायचा नाही. दाखवा, समजावा, पुन्हा दाखवा, पण घालू दे तिला. तुम्ही घातलात तर येणारा आकडा तुमच्या हाताचा. उद्या पाळीला तुम्ही तिथे नसाल. आकडा कमी आला तर रागावायचं नाही. पुन्हा घालायला सांगायचं, तरी नाही जमलं तर दुसऱ्या मापाचा, दुसऱ्या जातीचा प्लग द्यायचा आणि पुन्हा मोजायचं. कान वाहत असेल, मळ घट्ट बसला असेल, तर आधी डॉक्टरकडे पाठवायचं. आणि शेवटी आकडा कागदावर लिहून एक प्रत तिच्या हातात द्यायची. बरेच अधिकारी या शेवटच्या मुद्द्याला अडखळतात. "तिला कशाला? रेकॉर्ड आमच्याकडे असतं." मी म्हणते, कान कोणाचा आहे?

बाईचा कान

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येते. बायकांची कानाची वाट सर्वसाधारणपणे पुरुषांपेक्षा अरुंद असते. कारखान्यात मात्र एकाच मापाच्या प्लगची खोकी येतात. अरुंद कानात जाड प्लग शिरत नाही, अर्धा बाहेर राहतो, दुखतो. बाई तो काढून खिशात ठेवते, किंवा सुताचा बोळा कोंबते. कापसाच्या बोळ्याने आवाज अडत नाही, हे कृपा करून सगळ्यांना सांगा. मग अहवालात काय लिहिलं जातं? 'महिला कामगार संरक्षण वापरण्यास टाळाटाळ करतात.' लहान मापाचे प्लग बनतात, मिळतात. ते मागवलेले नसतात, एवढंच.

प्लग नको म्हणून कानावरचे मोठे डबे, इअरमफ, दिले तर अडचण दुसरी. अंबाडा, पदर, ओढणी, बुरखा, कानातले वेल, मोठी कुडी, यांतलं काहीही गादीखाली आलं की फट पडते आणि आवाज आत जातो. यावर अधिकारी म्हणतात, "मग काढा ते." वर्गात मी त्यांना विचारते, डोक्याच्या मागून किंवा हनुवटीखालून पट्टी जाणारा मफ मागवलात का? प्लग बसतो का पाहिलंत? बाईला बदलायला सांगणं फुकट पडतं, वस्तू बदलायला पैसे पडतात. म्हणून आधी बाईलाच सांगितलं जातं.

आणि स्पर्शाचा प्रश्न. पुरुष अधिकाऱ्याने कानाला, केसांना हात लावायचा, चार माणसं बघताहेत. बाई म्हणते "माझं ठीक आहे", आणि निघून जाते. तिची चाचणी 'झाली' अशी नोंद होते. म्हणून आरसा हवा, बंद दार हवं, आणि शिकवणारी बाई हवी. तिने स्वतःच्या हाताने प्लग घालायचा हा नियम शास्त्रासाठी आहेच, तो तिच्या मानासाठीही आहे.

वेळेचंही बघा. समजा प्लग खरोखर ३० डेसिबल अडवतो. आठ तासांच्या पाळीत बाईने तो मिळून अर्धा तास काढला, मुकादमाचं ऐकायला, शेजारणीशी बोलायला, दुखतो म्हणून. तर दिवसभराचं संरक्षण ३० वरून १२ वर येतं. हिशेब सरळ आहे. त्या अर्ध्या तासात उघड्या कानात शिरलेला आवाज उरलेल्या साडेसात तासांवर पाणी फिरवतो. म्हणून न दुखणारा, पाळीभर राहणारा प्लग हा चैनीचा विषय नाही. आणि म्हणूनच फार जास्त आवाज अडवणारा प्लगही नको. त्याने हाक, भोंगा, गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, बाई घाबरते आणि काढून टाकते. शेडमध्ये ९८ डेसिबल असेल तर तिला १८-२० पुरतात. पाळीभर टिकणारे १८ हे कागदावरच्या २९ पेक्षा मोलाचे.

जिथे सेफ्टीवाला पोचतच नाही

मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथे सुरक्षा अधिकाऱ्यांचं शिक्षण होतं. पण हे अधिकारी असतात कुठे? १९४८ च्या कायद्यात १००० कामगारांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी नेमावा लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत ही संख्या ५०० केली आहे, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत २५०. आता इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव डोळ्यांपुढे आणा. दहा-वीस मागांची शेड, कोपऱ्यात कांडी मशीनवर बसलेली बाई. तिथे कोण अधिकारी येणार? कांडीवालीला तर आवाजातली कामगार समजतच नाहीत, कारण तिचं मशीन मागाएवढं वाजत नाही. पण छप्पर एकच आहे ना! भिंतीपलीकडे घर असेल तर पाळी संपल्यावरही आवाज तिला सोडत नाही.

म्हणून मी इथे आले आहे. अधिकाऱ्यांना शिकवणं चालू राहील, ते गरजेचंच आहे. पण हे कौशल्य डॉक्टरकीसारखं अवघड नाही. आरोग्याचं काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्या जशा रक्तदाब मोजायला शिकल्या, तशा हेही शिकू शकतात. उपकरण महाग आहे, ते एकेका शेडला परवडणार नाही. पण चार-पाच संघटनांनी मिळून, एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या श्रवण विभागाला किंवा वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेसारख्या संस्थेला बरोबर घेऊन मागणी केली, तर ते फिरतं ठेवता येईल.

उपकरण येईपर्यंत तीन खुणा. एक, प्लग घालून मोठ्याने दहापर्यंत मोजा. आपला आवाज डोक्यात घुमल्यासारखा, जड वाटला पाहिजे. दोन, मागांच्या आवाजात उभं राहून दोन्ही कानांवर तळहात घट्ट दाबा आणि काढा. हात ठेवल्यावर आवाज एकदम कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही. तीन, मैत्रिणीला समोरून बघायला सांगा. स्पंजचा प्लग कानाबाहेर डोकावत असेल तर तो आत गेलेला नाही. या खुणा चाचणीची जागा घेत नाहीत, पण काहीच नसण्यापेक्षा पुष्कळ आहेत.

एक धोकाही सांगून ठेवते. फिट टेस्ट आली की मालकाला वाटतं, आता आवाजाची जबाबदारी कामगाराच्या कानावर टाकली. तसं होऊ द्यायचं नाही. पहिली मागणी यंत्र शांत करा हीच राहील. झिजलेले भाग बदला, तेलपाणी करा, कांडी मशीन मागांपासून भिंतीआड न्या, पाळ्या फिरवा. प्लग शेवटचा. दुसरा धोका, "हिच्या कानाला प्लग बसत नाही, हिला कामावर नको" असं म्हणून बाईला काढणं. आकडा प्लग बदलण्यासाठी आहे, बाई बदलण्यासाठी नाही. हे आधी लेखी घ्या, मग चाचणीला बसा.

आणि हे विसरू नका, की आवाजाने आलेला बहिरेपणा हा कायद्याने मानलेला व्यवसायजन्य रोग आहे. जुन्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात तो होता, नव्या संहितेच्या परिशिष्टातही आहे. असा रुग्ण आढळला तर डॉक्टरने सरकारला कळवायचं असतं. कळवलं जात नाही, कारण बाई तपासणीलाच जात नाही, आणि गेली तर तिला विचारत नाहीत की ती काम काय करते. आपण तिच्याबरोबर जाऊ आणि डॉक्टरला सांगू: "ही बारा वर्षं कांडी भरते. केसपेपरवर तसं लिहा."

आपल्या मागण्या थोडक्यात अशा. एकाहून जास्त मापांचे प्लग. कंत्राटी आणि कांडीवाल्या धरून प्रत्येकीची, दोन्ही कानांची चाचणी, कामाच्या वेळेत आणि पगारी. चाचणी घेणाऱ्यांत बायका. निकालाची प्रत तिच्या हातात. वर्षाकाठी पुन्हा चाचणी आणि ऐकण्याची तपासणी. आणि सुरक्षा अधिकाऱ्यांच्या शिक्षणात हे सगळं बायकांच्या कानांसकट शिकवलं जावं.

बोलणं पुरे. मी दोन मापांचे प्लग आणले आहेत. मागे बादलीत पाणी आहे, साबण आहे. हात धुवून या आणि दोघी-दोघींच्या जोड्या करून बसा. एकीने घालायचं, दुसरीने नुसतं बघायचं आणि सांगायचं. हात लावायचा नाही.